पदक कोणाचे?

मला एक छंद आहे. तो सांगितला की समोरचा माणूस आधी हसतो, मग जरा गंभीर होतो आणि शेवटी हमखास विचारतो, "पण याला भाव काय येतो हो?" टपालाची तिकिटे जमवणारा आपल्याकडे चालतो, जुनी नाणी जमवणाऱ्याला तर विद्वानांत गणतात. परंतु पृथ्वीच्या पाठीवरून नाहीशा झालेल्या एका देशाने आपल्या कामगारांना दिलेली पदके एका मराठी शाळामास्तराच्या कपाटात कशासाठी, हे पटवून देताना माझी पुरेवाट होते. म्हणून आता मी भाव सांगून मोकळा होतो. तो ऐकला की लोकांचा माझ्याबद्दलचा आदर कमी होतो आणि विषय बदलतो.

तो देश म्हणजे युगोस्लाव्हिया. पोक्त वाचकांना हे नाव परके नाही. १९६१ च्या सप्टेंबरात बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली, तिला पंडित नेहरू गेले होते. मार्शल टिटोही आपल्याकडे आले होते. पुढे १९९१–९२ साली तो देश फुटला, त्याची शकले झाली, युद्धे झाली, आणि नव्या देशांना जुन्या देशाची आठवण कुठे ठेवावी हेच कळेना. अशा वेळी घरोघरच्या पेट्यांतून जी अडगळ बाजारात आली, तिच्यात ही पदके होती. आमच्या आळीतले एक गृहस्थ बोटीवर स्वयंपाकी होते. रियेका बंदरात एका पथारीवरून त्यांनी एक पदक उचलले, आणि "मास्तर, तुम्हाला असल्या गोष्टींची आवड" म्हणून माझ्या हातावर ठेवले. पुढची सगळी मी टपालाने मागवली, पोटाला चिमटा घेऊन नव्हे, पण विड्याकाडीचे व्यसन नसल्याच्या सवलतीवर.

या पदकांची कुळकथा थोडक्यात सांगतो. महायुद्ध संपत असताना, १ मे १९४५ रोजी, त्या सरकारने 'ओर्देन रादा' म्हणजे श्रमाचा सन्मान सुरू केला. 'राद' म्हणजे काम, श्रम. त्याचे तीन वर्ग होते. १९६१ साली त्या वर्गांना नावे मिळाली: लाल निशाणाचा, सोनेरी माळेचा आणि रुपेरी माळेचा. याखेरीज साधे श्रमपदक होते. आणि सर्वांच्या वर १९४८ च्या डिसेंबरात 'समाजवादी श्रमाचा वीर' हा किताब निघाला. तो फार थोड्यांना मिळाला. खुद्द टिटोंनाही मिळाला, यावर कोणी हसायचे असेल तर हसावे. रुपेरी माळ मात्र गावोगाव गेली. ती विणकरणीला मिळाली, फिटरला मिळाली, रेल्वेच्या माणसाला मिळाली, शिक्षकांनाही मिळाली. अशी पदके आजही स्वस्त मिळतात, आणि माझ्या कपाटात तीच जास्त आहेत.

आता संग्राहकांच्या जगातली एक रीत सांगितली पाहिजे, कारण माझा प्रश्न तिच्यातूनच निघतो. आमच्या या जगात पदक कोणाला मिळाले आणि कशाबद्दल मिळाले, हे फारसे कोणी विचारीत नाही. विचारतात ते एवढेच: मागे स्क्रू आहे की टाचणी? नंबर कोरलेला आहे का, आणि असला तर किती आकडी? टाकसाळीचा शिक्का कुठला? त्या राज्याची पहिली युद्धपदके मॉस्कोच्या टाकसाळीत पाडली गेली होती; रशियन धर्तीवर मागे स्क्रू आणि त्यावर गोल चकती. १९४८ च्या जूनमध्ये स्टालिनने टिटोंना साम्यवादी बिरादरीतून वाळीत टाकले. मग पदके घरीच पाडण्याखेरीज गत्यंतर उरले नाही. झाग्रेबच्या 'इकोम' कारखान्याने ती केली, बेलग्रेडच्या सरकारी टाकसाळीने केली. हळूहळू स्क्रूची जागा टाचणीने घेतली. एका पदकावर मुलामा जाड, दुसऱ्यावर पातळ. एकावर लाल मिना रक्तासारखा, दुसऱ्यावर विटेसारखा. हे फरक म्हणजे संग्राहकाचा जीव की प्राण. जे पदक कमी पाडले गेले, किंवा पाडताना काही वेगळे झाले, त्याला किंमत दहापट.

म्हणजे पाहा, हिशेब कसा उलटा होतो! एखाद्या बाईने तीस वर्षे मागावर उभे राहून जे मिळवले त्याची किंमत कमी, कारण तिच्यासारख्या पुष्कळ होत्या. आणि साचा घासणाऱ्याच्या हातून रेघ चुकली असेल, तर तिची किंमत मोठी, कारण ती एकदाच चुकली. श्रमाचे पदक, आणि त्याचा भाव मात्र श्रम सोडून बाकी सगळ्यावर ठरतो. आमच्या घरात हे ऐकून मंडळींनी एकदा मला सरळच विचारले, "अहो, मग तुम्ही नेमकं काय जमवता? त्यांचं काम की त्यांच्या चुका?"

प्रश्न बिनतोड होता. तरी मी चुकांच्या, म्हणजे फरकांच्या, बाजूने दोन शब्द बोलणार आहे. पदकाची दर्शनी बाजू नेहमी एकच गोष्ट सांगते: श्रम महान आहेत. ही गोष्ट १९४५ साली सांगितली तशीच १९८५ सालीही. खरा इतिहास लपलेला असतो तो पाठीमागच्या स्क्रूत. मॉस्कोशी मैत्री होती, मग वैर झाले, मग देश आपल्या पायावर उभा राहिला, हे सगळे त्या टाचणीत आहे. ती टाचणी खोटे बोलत नाही. पदकाबरोबर मिळणाऱ्या सनदेवरची राजमुद्रा घ्या. तिच्यात जळत्या मशाली आहेत. १९६३ पर्यंत त्या पाच होत्या, पाच लोकसमूहांच्या म्हणून. त्या वर्षी नवी घटना आली, देशाचे नाव बदलले आणि मशाली सहा झाल्या, सहा गणराज्यांच्या. माझ्याकडे दोन्ही सनदा शेजारी शेजारी आहेत. कोणाला किती मोजायचे, याबद्दल एका देशाच्या मनात किती घोळ असतो, हे पाच आणि सहा मशाली पाहिल्यावर जितके कळते तितके जाड पुस्तके वाचून मला कळले नव्हते. मशाली सहा झाल्या म्हणून देश टिकला असे नाही, हा भाग वेगळा.

पण माझ्या सौभाग्यवतींचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही, हे मलाही ठाऊक आहे. तेव्हा श्रमाकडेच वळतो.

बोस्नियात ब्रेझा नावाचे कोळशाच्या खाणींचे गाव आहे. तिथे अलिया सिरोतानोविच नावाचा खाणकामगार होता. 'सिरोता' म्हणजे त्यांच्या भाषेत पोरके, गरीब बिचारे, आडनावातच दैन्य. २४ जुलै १९४९ रोजी अलिया आणि त्याच्या टोळीतल्या माणसांनी आठ तासांच्या एका पाळीत १५२ टन कोळसा काढला. रशियाच्या स्ताखानोवने १९३५ साली एका पाळीत १०२ टन काढून जगभर नाव केले होते. तो विक्रम मोडला. आणि कोणत्या वर्षी मोडला? स्टालिनने वाळीत टाकल्याला वर्ष उलटताच. तेव्हा हा कोळसा केवळ कोळसा नव्हता, ते उत्तर होते. अलियाला 'श्रमाचा वीर' करण्यात आले. तुला काय हवे, असे त्याला विचारले तेव्हा त्याने मोठे फावडे मागितले, असे सांगतात.

या फावड्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्याकडे कीर्तनकाराला ही गोष्ट मिळाली, तर तो तिचे सोने करील: पाहा, निरिच्छ भक्त, देव प्रसन्न झाला तरी सेवाच मागतो! मला ती तितकी सोपी वाटत नाही. खाणीत उतरणाऱ्या माणसाला फावड्याचा आकार म्हणजे काय हे कळते. सन्मान देणाऱ्याला कळत नाही. 'मोठे फावडे द्या' यात नम्रता असेल, पण 'आजवर लहान फावड्याने आमच्याकडून काम करून घेतलेत' हेही त्यात असेलच की! आमच्या शाळेत वार्षिक समारंभात पाहुण्यांनी एकदा गड्याला शाल दिली. तो म्हणाला, "शाल राहू द्या, विहिरीला रहाट बसवा." पाहुणे हसले, टाळ्या झाल्या, आणि रहाट काही बसला नाही. अलियाला फावडे मिळाले की नाही यापेक्षा बाकीच्या खाणकामगारांना मिळाले का, हे कळायला मला आवडले असते.

दुसरा माणूस आरिफ हेरालिच, झेनित्सा गावच्या पोलादाच्या कारखान्यातला, भट्टीवरचा. १९५४ साली वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने त्याचा फोटो काढला. काजळलेल्या चेहऱ्यावर लखलखीत हसू. ते हसू सरकारला इतके आवडले, की १९५५ साली त्यांनी ते हजार दिनारच्या नोटेवर छापले. १९६६ साली शंभर जुन्या दिनारांचा एक नवा दिनार झाला, तेव्हा हजाराची नोट दहाची झाली, तरी आरिफ हसतच होता. देशातल्या प्रत्येक खिशात त्याचा चेहरा होता. त्याच्या स्वतःच्या खिशात मात्र तो फारसा नसे; १९७१ साली, पन्नाशीही गाठली नाही आणि तो हलाखीत गेला. नोट त्याच्यानंतरही चालत राहिली. गंमत अशी, की नोटेवरचा हा माणूस म्हणजे अलिया सिरोतानोविचच, असे पुष्कळजण समजत. लोकांच्या लेखी कामगार हा एकच असतो. त्याचे नाव कोणतेही लावा.

नोटेवरचा चेहरा हे पदकापेक्षा मोठे पदक, नाही का? तरी त्याने पोट भरले नाही. याचा अर्थ सन्मान खोटा असतो असा मी काढणार नाही. पदक ही मजुरीची पावती नव्हे, ही गोष्ट खरी. पण मजुरी चुकवून दिलेले पदक ही फसवणूक असते, ही गोष्टही तेवढीच खरी. फराळाची ताटे समोर ठेवून हा अंक वाचणाऱ्या मंडळींना एवढे सहज पटेल, कारण ज्या बाईने ती ताटे भरली तिला आपण 'अन्नपूर्णा' म्हणतो आणि चकलीचा सोऱ्या पुन्हा तिच्याच हाती देतो.

आता जे सांगायचे ते सांगताना माझी लेखणी जरा अडखळते. जुलै १९४९. त्याच महिन्यात, ज्या महिन्यात अलियाने कोळसा काढला, आड्रियाटिक समुद्रातल्या 'गोली ओतोक' नावाच्या उघड्याबोडक्या बेटावर कैद्यांची पहिली बोट लागली. गोली ओतोक म्हणजे 'नागडे बेट'. स्टालिनच्या बाजूचे म्हणून, किंवा तसा नुसता संशय म्हणून, हजारो माणसे पुढच्या वर्षांत तिथे पाठवली गेली. त्यांत युद्धात लढलेले होते, पक्षाचे जुने कार्यकर्ते होते. त्यांना उन्हात दगड फोडायला लावत. आणि काही वेळा दगड एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायचे, मग तेच दगड परत आणायचे. त्यातून रस्ता होत नसे, भिंत होत नसे. काम होते, श्रम होते, घाम होता. फक्त त्याला अर्थ राहू दिलेला नव्हता.

म्हणजे एकच सरकार, एकच महिना. एका हाताने श्रमाला देव्हाऱ्यात बसवले जात होते, आणि दुसऱ्या हाताने तेच श्रम शिक्षा म्हणून वापरले जात होते. माझ्या कपाटात पहिल्या हाताच्या कितीतरी खुणा आहेत. दुसऱ्या हाताची एकही नाही, कारण त्या कामाला पदक नव्हते. संग्रह पाहायला येणाऱ्याला मी हे आवर्जून सांगतो. काहींना ते आवडत नाही. एकजण म्हणाले, "मास्तर, मग असल्या सरकारची पदके घरात ठेवता कशाला?" मी म्हटले, सरकारची नव्हेत, ती माणसांची आहेत. विणकरणीने कापड विणले होते. त्या कापडाचे सदरे लोकांनी घातले होते. बेटावरच्या दगडांमुळे तिचे कापड खोटे ठरत नाही. पण तिच्या कापडाने ते दगड झाकताही येत नाहीत. हे दोन्ही एकाच वेळी मनात ठेवणे कठीण जाते, हे कबूल आहे. युगोस्लाव्हियाचे भक्त पहिले ठेवतात, वैरी दुसरे.

विणकरीण म्हणालो, ती काल्पनिक नव्हे. माझ्याकडे रुपेरी माळेचे एक पदक आहे, त्याच्या तांबड्या डबीसकट आणि सनदेसकट. सनद १९७४ सालची, सहा मशालींची, सर्बियन लिपीत. ती लिपी मी अक्षरओळखीपुरती शिकलो आहे. पहिलीतल्या मुलाप्रमाणे बोट ठेवून वाचतो. तिच्यावर एका बाईचे नाव आहे, ते मी इथे लिहीत नाही, कारण ती किंवा तिची मुले कुठेतरी असतील. ती लेस्कोव्हात्सच्या कापडगिरणीत होती. दक्षिण सर्बियातले हे गाव कापडासाठी इतके प्रसिद्ध, की त्याला सर्बियाचे मँचेस्टर म्हणत. हे वाचले आणि मी थांबलो, कारण आपल्याकडेही एक मँचेस्टर होते, आणि माझे वडील त्यात होते.

वडील मुंबईला एका गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला, तो रीतसर मिटलाच नाही. वडील गावी आले ते परत गेले नाहीत. त्यांच्या नोकरीची एकच वस्तू घरात आहे, पितळी बिल्ला. त्यावर नंबर आहे, नाव नाही. गंमत म्हणून सांगत नाही, पण रुपेरी माळेच्या त्या पदकामागेही नंबरच आहे, नाव नाही. एक आत शिरण्याची परवानगी, दुसरा बाहेर पडतानाचा सन्मान. तिकडच्या सरकारने निदान सनदेवर नाव लिहिले, हे मी विसरत नाही. १९५० साली तिथे कारखाने कामगारांच्या मंडळांकडे सोपवण्याचा कायदा झाला होता. ती मंडळे खरोखर किती चालवत आणि किती मान डोलावत यावर वाद आहेत, पण कारखाना कोणाचा, हा प्रश्न मोठ्याने विचारायची तिथे पद्धत होती. माझ्या वडिलांच्या गिरणीत तो विचारणाऱ्याला फाटक दाखवीत.

तर गेल्या वर्षी एका संग्राहकाचे पत्र आले. त्यांना माझे ते पदक हवे होते. त्याच्या मागच्या टाचणीची घडण त्यांच्या यादीत नव्हती म्हणे, आणि देऊ केलेली रक्कम अशी होती की आमच्या मुलीची वर्षाची फी निघावी. मात्र एक अट होती: फक्त पदक पाठवा, कागद नको. कागदाने टपालखर्च वाढतो, आणि तसल्या सनदांना गिऱ्हाईक नाही.

माणूस वाईट नव्हता. पत्रात त्याने माझ्या प्रकृतीची चौकशीही केली होती. त्याच्या दृष्टीने पदक म्हणजे टाचणीचा नमुना, आणि मी वर फरकांची जी वकिली केली तीच तो पुढे नेत होता. पण तिथे मला माझी रेघ सापडली. पदक विकणे मी पाप समजत नाही. ज्या घराने ते विकले, त्याने कदाचित १९९३ साली विकले असेल, जेव्हा त्या देशाच्या उरलेल्या भागात महागाई अशी भडकली की ५०० अब्ज दिनारची एक नोट छापावी लागली. तेव्हा त्या पदकाचे अर्धा किलो पीठ आले असेल, तर पदकाने त्या घराची शेवटची सेवा केली असेच मी म्हणेन. आपला मान मोडून मुलांना खाऊ घालणारी बाई मानातून उतरत नाही. विकत घेणेही पाप नव्हे. परंतु नाव आणि धातू यांची फारकत करणे, नाव कचऱ्यात आणि धातू मखमलीत, हे मात्र मला जमणार नाही. बाईची तीस वर्षे ज्या एका कागदाच्या कपट्यावर शिल्लक आहेत, तो मी काढून घेतला तर माझ्या हाती चोरीचाच माल राहील. कायद्याने नसेल, पण राहील. मी नकार कळवला. फी दुसरीकडून उभी केली, ती कशी, ते सांगण्याजोगे नाही.

त्यावर घरातून पुढचा प्रश्न आला. मंडळी म्हणाल्या, "एवढं नावाचं वाटतं, तर ज्यांचं आहे त्यांना परत का नाही पाठवीत?"

मला वाटले होते हे सोपे असेल. नाही. ज्या घराने गरजेपोटी आईचे पदक विकले, त्या घरी तीस वर्षांनी परदेशातून ते परत येणे म्हणजे काय होईल? आनंद होईल, किंवा एखादी झाकून ठेवलेली लाज पुन्हा उघडी पडेल. कदाचित त्यांना ते पदक नकोसेच झाले असेल. सगळ्यांना आपला जुना देश भिंतीवर लावायचा नसतो. कदाचित पाठवलेले पदक ते पुन्हा विकतील, आणि तसा त्यांना पूर्ण हक्क आहे. मग मी देणारा कोण, आणि उपकार कसले? माझी मुलगी म्हणाली, आधी नुसते विचारावे. वस्तू पाठवू नये, एक पत्र पाठवावे, की तुमच्या आईची सनद आमच्याकडे सुखरूप आहे, हवी असेल तर कळवा, नको असेल तर आम्ही सांभाळू.

ते पत्र आता तयार होत आले आहे. लेस्कोव्हात्सच्या नगरपालिकेच्या पत्त्यावर टाकायचे ठरले आहे. इंग्रजी मुलीने लिहिले आहे. बाईचे नाव मी सर्बियन लिपीत माझ्या हाताने घातले, तीनदा कागद बदलून. वडिलांच्या बिल्ल्याचा उल्लेख करावा असे मला वाटते, त्यांना त्याचे काय, असे मुलीला वाटते. आणि पदक आम्हाला कितीला पडले हे लिहायचे की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही.